गच्चीवरची उन्हाळी भाजी: काय जगलं, काय जळालं (कोल्हापूरकरांनो, या)

पोकळ्याची जुडी | ४ एप्रिल, रात्री ९.४०

दरवर्षी नुसतं ठरतं, या वर्षी केलं एकदाचं. राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, वर मोकळी गच्ची. महाशिवरात्र झाली आणि कामाला लागले. भेंडीच्या सहा बॅगा, गवारीच्या चार, टोमॅटोच्या आठ, जवारी (गावठी) मिरची पाच, दोडका दोन, कारली दोन. मासेवाल्याकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या दोन खोक्यांत पोकळा (माठासारखी पालेभाजी).

पोकळा एक नंबर. तीन कापण्या झाल्या, चौथी तयार आहे. खोकी धुऊनसुद्धा पहिले आठ दिवस गल्लीतली मांजरं येऊन बसायची, ते सोडा.

आता रडगाणं. टोमॅटोची झाडं माझ्या कमरेला लागतात. फुलं इतकी की आत्याबाई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, "देवाला वाहायला लावलीस होय गं?" रोज सकाळी गच्ची झाडताना फुलं केरात येतात, देठाच्या गाठीपासून अलगद सुटलेली. आज मोजली, ४१ भरली. टोमॅटो एकही नाही. दुकानदार म्हणाला, खत कमी पडतंय. म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) आठवड्यातून दोनदा घातलं. झाड आणखी वाढलं, फुलं आणखी गळाली. अजून काय घालू?

मृगाचा किडा | ४ एप्रिल, रात्री १०.१५

काहीही घालू नका. खत आजपासून बंद.

फुलं उन्हानं गळताहेत. दिवसाचं तापमान ३५च्या वर आणि रात्रीचं २२-२३च्या खाली येईना, असं झालं की टोमॅटोचा पराग नीट तयारच होत नाही. फळ धरलं नाही की झाड फूल टाकून देतं. त्यात तुमच्या गच्चीचा स्लॅब रात्री नऊपर्यंत तापलेला असतो, म्हणजे वेधशाळेच्या आकड्यापेक्षा तुमच्या झाडाची रात्र गरमच. वरून नत्र घातलंत, त्यानं नुसता पाला वाढला.

झाडं उपटू नका मात्र. दुपारी सावली करा, पाणी वेळच्या वेळी द्या आणि वाट बघा. आपल्याकडे मेच्या उत्तरार्धात ढग येतात, पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा धरतील. कृषी खात्यात होतो, आता निवृत्त आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

रंकाळ्याचा वारा | ४ एप्रिल, रात्री १०.३२

ताई, कपिलतीर्थ मंडईत आज टोमॅटो वीसला किलो हाय. तुम्ही खताला किती घातला सांगा, मग आम्ही हसायचं का रडायचं ते ठरवतो.

पोकळ्याची जुडी | ४ एप्रिल, रात्री १०.४१

तो हिशेब विचारायचा नाही. घरातही कुणी विचारत नाही.

पहिलीच कुंडी | ६ एप्रिल, सकाळी ७.०५

धाग्यात घुसतोय, माफ करा. कोथिंबीर लावली होती. वीस दिवसांनी कशीबशी उगवली, बोटभर झाली आणि लगेच फुलावर आली. मेथी पिवळी पडून गेली. माझा हातच वाईट आहे का?

बावड्याची काकू | ६ एप्रिल, सकाळी ८.२०

हात नाही रे बाळा, महिना वाईट. कोथिंबीर आणि मेथी थंडीच्या भाज्या. उन्हात कोथिंबिरीला बी धरायची घाई होते. तरी पाहिजेच असेल तर जवारी धणे घे, चपलेखाली हलके रगडून दोन फाकी कर, रात्रभर भिजव आणि जिथे सकाळी दहापर्यंतच ऊन येतं अशा जागी टाक. वीत होईपर्यंत थांबू नकोस, चार बोटं झाली की खुडून आमटीत घाल.

मेथी सोड आता. पोकळा, तांदळी, अंबाडी टाक. या ताईंच्या पोकळ्यासारखं होतंय बघ.

पाचट जाळू नका | ६ एप्रिल, दुपारी १.५०

सगळ्यांना रामराम. मी कागलकडचा, ऊस करतो. शहरात गच्चीवर बाग करणाऱ्यांना एक विचारतो, बॅगेतली माती उघडी का ठेवता? आमच्याकडं तोड झाली की पाचट (उसाचा वाळका पाला) सरीत पसरतो, लोक जाळायचे ते दिवस आता कमी झाले. तेच पाचट विळीनं तीन-चार इंची कापून बॅगेत दोन इंचाचा थर द्या. बुंध्याला चिकटवू नका, बोटभर जागा सोडा. माती थंड राहती आणि पाणी उडत न्हाई. उसाच्या पट्ट्यात राहून कोकोपीट विकत आणताय, मला तर हसू येतंय.

पोकळ्याची जुडी | १४ एप्रिल, रात्री ९.१०

पाचटवाले दादा, तुमचं ऐकलं. भावाच्या शेतातून एक पोतं आणलं. पूर्वी सकाळ-संध्याकाळ पाणी घालूनही दुपारी भेंडी माना टाकायची, आता सकाळी एकदा पुरतं. थराखाली बोट घातलं तर दुपारी दोनलाही गारवा लागतो. हे खरोखर कामाचं निघालं.

पण दोन गोंधळ झालेत.

पहिला सर्वस्वी माझा. शनिवारी घरी होते, दुपारी साडेबारा वाजता मिरचीची नवीन रोपं सुकलेली दिसली म्हणून पाइप लावला. गच्चीवरची काळी टाकी, त्यात वीस फूट पाइप उन्हात पसरलेला. पहिलं पाणी हातावर आलं ते चहाला चाललं असतं. हात मागे घेईपर्यंत ओळीतल्या चार रोपांवर पडलं होतं. संध्याकाळपर्यंत चारी शिजल्यासारखी. आत्याबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त रोपांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. आता मातीचा माठ ठेवलाय, रात्री भरून ठेवते आणि सकाळी तांब्यानं घालते.

दुसरा गोंधळ कळत नाहीये. भेंडीच्या सहापैकी दोन बॅगांतली झाडं पाणी असूनही वाळली. एक उपटलं. मुळं तपकिरी, टोकं जळाल्यासारखी आणि मातीत पांढऱ्या जाड्या अळ्या, इंग्रजी सी आकारात गुंडाळलेल्या. सात निघाल्या. ही हुमणी (मुळं खाणारी अळी) का? खालच्या थरात शेणखत आहे, गंगावेशीतल्या ओळखीच्या गवळ्याकडून आणलेलं.

पाचट जाळू नका | १४ एप्रिल, रात्री ९.४८

हुमणीच. दुसरं काय असणार. उसाचं वाटोळं करती ती, तुमची दोन भेंडी म्हणजे तिचा नाष्टा. सगळी माती ओता, अळ्या वेचा, साबणाच्या पाण्यात टाका.

मृगाचा किडा | १५ एप्रिल, सकाळी ६.३०

दादा, जरा थांबा. महिना बघा. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळवानंतर जमिनीतून निघतात, संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर बसतात. त्यांची अंडी त्यानंतरची आणि मुळं खाणाऱ्या मोठ्या अळ्या पावसाळ्यातल्या. एप्रिलच्या मध्याला, तेही शेणखताच्या थरात, एवढ्या जाड अळ्या म्हणजे बहुधा शेणातच वाढणाऱ्या दुसऱ्या भुंग्याच्या. त्या कुजका पाला आणि शेण खातात.

ताई, एक करा. एक अळी परातीत मोकळी सोडा. पाय वर करून, पाठीवर सरपटत गेली तर ती मुळं खाणारी नव्हे, फुलांवर येणाऱ्या भुंग्याची. आणि ज्या दोन बॅगा वाळल्या, त्यांतल्या तळाच्या थरात हात घालून बघा, गरम लागतोय का, वास येतोय का.

पोकळ्याची जुडी | १५ एप्रिल, रात्री ८.५५

केलं. परातीत सोडली, तर बाई उताणी झाली आणि पाठीवर अशी सरसर चालली की माझी मुलगी किंचाळून पळाली, मग मोबाइल घेऊन परत आली. पाचही तशाच गेल्या (दोन आधीच कावळ्यानं नेल्या होत्या).

आणि तळाचा थर: हात घातला आणि काढला. कोमट नाही, गरम. वास ताज्या गोठ्याचा. म्हणजे गवळ्यानं दिलेलं शेण अर्धंमुर्धं कच्चं होतं आणि मी ते काळं दिसतंय म्हणून "कुजलेलं" समजून सहा इंच थर दिला. अळ्या बिचाऱ्या ते कुजवत होत्या. झाडं मारली ती मी.

पाचट जाळू नका | १५ एप्रिल, रात्री ९.२०

काका, मानलं. वीस वर्षं ऊस करतोय पण अळी उताणी करून कधी बघितली न्हवती. दिसली की ठेचली.

ताई, शेण कच्चं असलं की कुजताना तापतं, मुळं भाजतात. उकिरड्यात निदान चार-पाच महिने राहू द्यायचं, अधनंमधनं पाणी मारायचं. हातात घेतल्यावर भुगा व्हायला पाहिजे आणि मातीचा वास यायला पाहिजे.

पुण्यातला कोल्हापुरी | १८ एप्रिल, सकाळी ११.१५

भेंडीवरून आठवलं. माझ्या पाचातल्या दोन झाडांच्या पानांच्या शिरा पिवळ्याजर्द झाल्यात, जाळीसारख्या. भेंडीही फिकट आणि वाकडी येतेय. लोह कमी असेल म्हणून फवारलं, काही फरक नाही.

मृगाचा किडा | १८ एप्रिल, दुपारी १२.०२

केवडा, म्हणजे हळद्या. विषाणू आहे, पांढरी माशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. यावर औषध नाही. दोन्ही झाडं आजच उपटा. बाकीच्या तिघांची पानं उलटी करून बघा, खाली पांढरे ठिपके उडतात का. पिवळे चिकट कार्ड टांगा आणि लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा.

बावड्याची काकू | १८ एप्रिल, दुपारी ३.४०

उपटा काय लगेच? त्या झाडाची भेंडी खायला चालते, जराशी निबर असते एवढंच. मी गेल्या वर्षी शेवटपर्यंत ठेवली होती, भाजी केली, कुणाला काही झालं नाही.

मृगाचा किडा | १८ एप्रिल, दुपारी ४.१०

वहिनी, खाणाऱ्याला काही होत नाही, शेजारच्या झाडाला होतं. गेल्या वर्षी तुमची किती झाडं पिवळी झाली शेवटी?

बावड्याची काकू | १८ एप्रिल, दुपारी ४.२२

सगळी.

पुण्यातला कोल्हापुरी | १८ एप्रिल, दुपारी ४.५०

उपटली. बियाणं कुठलं घ्यावं पुढच्या वेळी?

मृगाचा किडा | १८ एप्रिल, सायंकाळी ५.३०

परभणी क्रांती किंवा अर्का अनामिका. दोन्ही या रोगाला दाद न देणारे वाण म्हणूनच काढले होते. अगदीच येणार नाही अशी खात्री आता कुणी देऊ नये, पण घरच्या साध्या बियाण्यापेक्षा बरे.

बावड्याची काकू | २१ एप्रिल, रात्री ९.०५

आता माझं गाऱ्हाणं. कारली बोटभर झाली की पिवळी पडून वाकडी होतात, चिरलं की आत वळवळ. फळमाशी, एवढं कळतं मला. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी सापळा टांगला. माश्या मोप पडल्या त्यात, डबी काळी झाली. कारली तशीच किडतात. हे कसं काय?

मृगाचा किडा | २१ एप्रिल, रात्री ९.३०

डबीतल्या वडीवर काय लिहिलंय?

बावड्याची काकू | २१ एप्रिल, रात्री ९.३८

मिथाइल युजेनॉल. पुतण्यानं आंब्याच्या बागेतून आणून दिलाय.

मृगाचा किडा | २१ एप्रिल, रात्री ९.४५

तो आंब्याच्या फळमाशीचा. शेजारी कुणाचं आंब्याचं झाड असणार, त्यांची सेवा केलीत. वेलभाज्यांच्या माशीला क्यू-ल्युअर नावाचं आमिष लागतं. आणि दोन्ही सापळे फक्त नरच पकडतात, म्हणून किडकी फळं झाडाखाली टाकून ठेवू नका. पिशवीत बांधून उन्हात ठेवा, आतल्या अळ्या मरतात. चांगलं कारलं धरून पेरभर झालं की लगेच कागदाची पिशवी बांधा, घरापुरतं तेच सगळ्यात खात्रीचं.

रंकाळ्याचा वारा | २१ एप्रिल, रात्री ९.५१

काकूंनी शेजाऱ्याचा हापूस वाचवला, आता पेटी मागायला जावा.

पोकळ्याची जुडी | २४ एप्रिल, रात्री १०.००

दोडक्याचं सांगते. दोन वेल मांडवभर, फुलंच फुलं, सगळी नर. महिनाभर एकही मादी फूल नाही. उन्हाळ्यात नर फुलं जास्त येतात असं इथेच जुन्या धाग्यात वाचलं म्हणून धीर धरला. गेल्या आठवड्यात पहिलं मादी फूल दिसलं, मागे बोटाच्या पेराएवढा छोटा दोडका घेऊनच आलेलं. दुसऱ्या दिवशी ते पिवळं पडून गळालं. परागीभवनच झालं नाही.

कारण कळलं. मी सकाळी सहाला ब्रश घेऊन उभी राहायचे, आणि दोडका फुलतो संध्याकाळी! कारली, काकडी सकाळची. दोडका आणि दुधी दिवेलागणीचे. काल ऑफिसातून आल्या आल्या पर्ससकट वर गेले. सहा वाजत आलेले, फुलं नुकतीच उमललेली, गच्चीवर मंद गोड वास. नर फूल तोडलं, पाकळ्या मागे मुडपल्या, मधला पिवळा भुगा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवला, तीन बाजूंनी. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांनी विचारलं, "वहिनी, काय शोधताय?" काय सांगणार त्यांना.

रंकाळ्याचा वारा | २४ एप्रिल, रात्री १०.०८

सांगायचं की, लग्न लावालोय.

आणि ताई, एक सांगतो. जोतिबाची यात्रा झाली, आता वळीव कधी पण. सावलीचं शेडनेट नुसतं सुतळीनं बांधलंय असं तुमच्या फोटोत दिसालंय. तारेनं आवळा.

पोकळ्याची जुडी | ३ मे, रात्री ११.२०

तारेनं आवळलं नाही.

काल साडेचारला पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ काळं झालं. मी ऑफिसात. आत्याबाई एकट्या घरी, गुडघे दुखतात तरी वर गेल्या, पण तोवर वारा सुटला होता. नेट एका बाजूनं सुटलं, शिडासारखं फुगलं आणि टोमॅटोच्या तीन बॅगा घेऊन कठड्यावर आपटलं. दोन कठड्याच्या आत पडल्या हे देवाचे उपकार. तिसरी खालच्या पत्र्यावर. कुणाला लागलं नाही. मग गारा, चिंचोक्याएवढ्या, दहा मिनिटं. दोडक्याची पानं चाळणी. पोकळा जमिनीला झोपला. गवारी मात्र जशीच्या तशी उभी, तिला गारांची काही पडलीच नाही.

आणि धरलेल्या तीन दोडक्यांपैकी दोन वेलावर आहेत, सालीला खरचटलंय फक्त.

बॅगा कठड्याजवळ ठेवायच्या नाहीत हे आता घरातला नियम आहे. यांनी खडूनं रेघ मारलीय.

पुण्यातला कोल्हापुरी | ४ मे, सकाळी ९.३०

वाईट वाटलं. पण एक विचारतो, स्लॅबचं बघितलंय का? ओल्या मातीची एक मोठी बॅग तीस-चाळीस किलोच्या घरात जाते. आमच्याकडे खालच्या मजल्यावरून ओल आली म्हणून सगळी बाग उतरवावी लागली.

पोकळ्याची जुडी | ४ मे, दुपारी १.१५

बॅगा विटांवर आहेत, खालून पाणी वाहतं, मोरीच्या तोंडाला जाळी आहे. जड बॅगा बीम आणि भिंतीच्या रेषेत. तरी पावसाआधी गवंडी बोलावणार आहे.

पाचट जाळू नका | ४ मे, रात्री ८.००

ताई, झोपलेला पोकळा कापून टाका बुडापासून तीन बोटं ठेवून, आठ दिवसांत परत येतोय. फाटलेली पानं काढू नका, अर्धं पान पण झाडाला जेवण घालतं. आणि आता तिन्हीसांजेला दिव्याभोवती तपकिरी भुंगेरे येतील. ही खरी हुमणीची. बादलीत रॉकेल टाकलेलं पाणी आणि वर बल्ब, एवढंच करायचं.

पोकळ्याची जुडी | २३ मे, रात्री ९.३०

मृगाचा किडा काका, तुमचा शब्द खरा झाला. गेले आठ-दहा दिवस ढग आहेत, वारा आहे, आणि उरलेल्या पाच टोमॅटोंवर गोळीएवढे हिरवे टोमॅटो. आज १४ मोजले. सकाळी केरात दोनच फुलं.

दुसरी बातमी मिरचीची. पाच झाडांतलं एक चुरडामुरडा होऊन गेलं, पानं वरच्या बाजूला वळलेली, म्हणजे फुलकिडे. बाकी चारांची लाल करून वाळवली. सगळी मिळून पाव किलोसुद्धा नाही. आमच्या घरी दरवर्षी सात किलोची चटणी होते, संकेश्वरी आणि ब्याडगी मिसळून. परवा डंकावर (मिरची कांडायच्या गिरणीवर) जायला पिशव्या भरल्या होत्या. आत्याबाईंनी माझी ती मूठभर मिरची वेगळी भाजली, वेगळ्या कागदात बांधली आणि डंकावर स्वतः हातानं सगळ्यात वर ओतली. घरी आल्यावर शेजारच्या मामींना डबा दाखवत सांगत होत्या, "यंदा घरच्या मिरचीची केलीय." सात किलोतली पाव किलो! मी आत भांडी घासत होते, बाहेर आले नाही.

रंकाळ्याचा वारा | २३ मे, रात्री ९.४४

ह्यो धागा आता नाद खुळा झालाय. चटणीचा डबा कधी देताय?

पहिलीच कुंडी | २४ मे, सकाळी ७.३०

माझी कोथिंबीर चार बोटं झाली! काकू, आमटीत घातली.

पोकळ्याची जुडी | ६ जून, रात्री ९.१५

उद्या मृग. हंगामाचा हिशेब टाकते, रंकाळ्याच्या वाऱ्यानं चौथ्यांदा विचारलंय म्हणून.

भेंडी साधारण साडेतीन किलो. गवारी अडीच किलो, खत शून्य, कौतुक शून्य, तक्रार शून्य. पोकळा जुड्या मोजायचं सोडून दिलं. दोडके पाच. कारली चार, त्यातली दोन माणसांनी खाल्ली. टोमॅटो ११ उतरवले, तीन बुलबुलानं. खर्च ६,८०० रुपये, त्यात उडालेलं शेडनेट धरलेलं नाही कारण यांना ते अजून सांगितलेलं नाही किती रुपयांचं होतं.

पुढच्या वर्षी टोमॅटो दोनच. गवारी आठ बॅगा.

आता रिकाम्या बॅगांत काय लावू? पावसाळी वांगी करावी म्हणते. आत्याबाई म्हणतात, वेलांची आळी (लावायचे खड्डे) अक्षय तृतीयेलाच करायची असतात, त्यांच्या आई राख घालून करायच्या, तू चुकलीस. पण वांग्याबद्दल त्यांचं काही म्हणणं नाही.

पाचट जाळू नका | ६ जून, रात्री ९.४०

माझ्याकडं जवारी वांग्याची रोपं तयार हायत, वीतभर झाल्यात. दहा-बारा देतो, पैसे नकोत. रविवारी सकाळी शाहू मार्केट यार्डात माल घेऊन येतोय, सातपर्यंत असतो.

पोकळ्याची जुडी | ६ जून, रात्री ९.४३

येते दादा. पिशवी आणू का बादली?

पाचट जाळू नका | ६ जून, रात्री ९.४६

दोन बादल्या आणा. एकीत शेणखत देतो. गेल्या दिवाळीचं हाय, हात घालून बघा मगच घ्या.